मतदान होईस्तोवर

फौजेतून परत आलेल्या माणसाला आमच्या शिरूर तालुक्यात सरसकट मेजर म्हणतात. तिकडं तो स्वयंपाकी असो, ड्रायव्हर असो की न्हावी असो, घरी आला की मेजर. म्हस्कू कोळपे तर हवालदार म्हणून निवृत्त झाला होता. तरी डिसेंबर २००३ मध्ये तो वस्तीवर उतरला आणि कुणीतरी "राम राम मेजर" म्हणालं, तेव्हा कोण साहेब आला म्हणून त्यानं मागं वळून बघितलं. मी तिथंच उभा होतो, म्हणून सांगतो.

मी वस्तीवरचा गुरुजी. केंदूरच्या जवळचं एक गाव, त्या गावापासून दोन मैलांवर माळावर धनगरांची साठ घरं आणि तिथं पत्र्याची दोन खोल्यांची शाळा. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर चार माणसं भांडायला येतील, आणि माझ्यात आता भांडायची ताकद नाही. वस्तीवर लिहिणारा हात एकच होता, माझा. रेशनकार्डाचा अर्ज, लग्नाची पत्रिका, तलाठ्याकडचा कागद, पुढाऱ्याचं भाषण, सगळं मीच लिहायचो. त्याचा मला गर्वही होता. अक्षर माझं मोत्यासारखं आहे असं लोक म्हणायचे, आणि मीही ते खरं धरून चाललो होतो.

माझी बायको प्रतिभा दौंडला रेल्वेच्या दवाखान्यात परिचारिका. तिचं क्वार्टर तिथं, आमच्या दोन मुली तिथं आणि मी इकडं माळावर. दर शनिवारी शाळा सुटली की दुधाच्या टेम्पोतून शिक्रापूर, तिथून ट्रकांच्या गर्दीतून जीप पकडून न्हावरा, केडगाव चौफुला आणि दिवेलागणीला दौंड. सोमवारी पहाटे परत. सात वर्षं हा धंदा केला. धाकटी मुलगी तर शाळेत "माझे बाबा शनिवारी असतात" असं सांगायची. दौंडला बदली मिळावी एवढी एकच गोष्ट मला आयुष्याकडून हवी होती, आणि ती भिमाजी आप्पांच्या हातात होती.

आप्पा म्हणजे गावचे बागायतदार, सोसायटीचे चेअरमन, पॅनेलप्रमुख. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. वाईट असता तर मला हे सगळं त्याच्या डोक्यावर ठेवून मोकळं होता आलं असतं.

म्हस्कूचा बाप मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा. म्हस्कूचं लहानपण घोड्याच्या पाठीवरच्या बिऱ्हाडात गेलं. पुढं बापानं मेंढरं विकली, माळावर चार एकर खडक घेतला आणि पोराला भरतीच्या रांगेत उभं केलं. ब्याऐंशी साली म्हस्कू इंजिनिअरांच्या एका पलटणीत लागला. पूल बांधणं, रस्ते करणं आणि सुरुंग पेरणं-काढणं हे त्याचं काम. एकवीस वर्षांत त्यानं कुणावर गोळी झाडली नाही. हे तो मुद्दाम सांगायचा, आणि ऐकणाऱ्यांचा हिरमोड व्हायचा.

आल्या आल्या गावानं त्याचा सत्कार केला. सूत्रसंचालन अर्थात माझं. "शत्रूच्या छातीत धडकी भरवणारे" वगैरे मी म्हणालो, टाळ्या पडल्या. म्हस्कू फेटा सांभाळत उभा राहिला, "मी काय तसलं केलं न्हाई" एवढंच बोलला आणि खाली बसला. लोकांना तो विनय वाटला. मलाही वाटला.

खरं काय ते मला कळलं सात महिन्यांनी, जुलै २००४ मध्ये. दुपारची सुट्टी होती. म्हस्कू शाळेच्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "गुरुजी, एक चिठ्ठी लिव्हायची हाय. हिंदीत."

"कुणाला?"

"राजस्थानात. बाडमेरकडं. हीराराम म्हनून हाय, मेंढीवाला."

आणि मग त्यानं सांगितलं. २००१ च्या डिसेंबरात सगळी फौज सरहद्दीवर गेली. युद्ध होणार, होणार म्हणत दहा महिने बसली आणि युद्ध न होताच परतली. पण पलटणीनं तिथं गेल्या गेल्या रानात सुरुंग पेरले होते. लोकांच्या बाजरीच्या शेतात, चराईच्या रानात, विहिरींच्या वाटेवर. सरकार भरपाई देणार होतं, ती कुणाला मिळाली, कुणाला नाही. म्हस्कूच्या तुकडीनं एका पट्ट्यात तीनशे अठरा पेरले. ते रान हीरारामचं.

"त्याच्या मेंढराच्या खुरात काटा मोडून पू झाला व्हता. मी काढून बांधून दिलं. तवापासनं लई जीव लावला त्यानं. त्याची भाषा मला धड कळंना, माझी त्याला कळंना. पर मेंढरू दोघास्नी कळतंय. त्याची सून, केसर तिचं नाव, बाजरीची भाकर आन् ताक पाठवायची समद्या पोरांना. त्याचंच रान आमी बंद केलेलं, आन् त्याच्याच घरची भाकर खायची."

पुढं सुरुंग काढायचा हुकूम आला. पेरणं सोपं, काढणं अवघड. वाळू सरकते, टेकाडं जागा बदलतात. नकाशात जिथं खूण तिथं सुरुंग नाही आणि जिथं खूण नाही तिथं आहे. म्हस्कूच्या हाताखाली पाच पोरं. एकाचा पाय घोट्यापासून गेला. दुसऱ्याचा एक डोळा. २००३ च्या जानेवारीपर्यंत तीनशे पंधरा हिशेबात आले. तीन राहिले.

"चार दिस हुडकलं, गुरुजी. न्हाई गावलं. उरलेली तीन पोरं थरथरत व्हती. एकाचं लगीन ठरलेलं. सायबानं इचारलं, म्हस्कू, पूरे हो गये? मी म्हनलं, पूरे, साब. तीन उन्हाळ्यात आपसूक फुटले. असं हुतं कवाकवा. सायबानं वीस वर्सांत माझा शब्द कवा पडू दिला नव्हता. त्यानं सही केली."

"मग?"

"मग हीराराम आला. त्यो म्हनला, अब चलेगा? मेंढरं आनू का, असं त्याचं म्हननं. मी म्हनलं, चलेगा."

म्हस्कू आपल्या हाताच्या पंजाकडं बघत होता. म्हणाला, "माझी तीन पोरं मी वाचवली. त्यो हवालदाराचा धर्मच हाय. पर ती सरकारी पगार घेनारी, बूट घातलेली, शिकिवलेली. आन् त्याच्या घरच्या बाया अनवानी. जोखीम कुनी घ्यायला पायजे व्हती, गुरुजी? तुम्ही शिकलेले हाय, सांगा."

मी शिकलेला होतो. मी वही उघडली आणि पत्र लिहायला घेतलं. हिंदी सभेच्या परीक्षा दिलेल्या, त्यामुळं हिंदी माझी ठीक. वर उजव्या कोपऱ्यात तारीख घातली, नऊ जुलै. सवयच ती, फळ्यावर रोज घालतो तशी. मग मजकूर: वाकड्या खेजडीच्या झाडापासून तिसऱ्या टेकाडापर्यंतच्या पट्ट्यात कुणीही पाय ठेवू नये, जनावर घालू नये, तीन सुरुंग राहिले आहेत, जवळच्या फौजी ठाण्याला हे पत्र दाखवावं, दोष माझा आहे. खाली म्हस्कूची सही. पाकिटावर पत्ता घातला, तिकीट चिकटवलं, पाकीट बंद केलं. म्हस्कूचा चेहरा थोडा हलका झाला. मला त्या क्षणी फार बरं वाटलं, एखाद्या चांगल्या कामात आपला हात लागला असं.

आणि मग मी ते बिघडवलं. हो, मीच. आप्पांना मी सांगितलं, त्याच संध्याकाळी, पाकीट अजून म्हस्कूच्या खिशात असताना.

ऑगस्टच्या बावीस तारखेला ग्रामपंचायतीचं मतदान होतं. दोन पॅनेल, आणि सत्ता वस्तीच्या वॉर्डावर अडलेली. आप्पांनी त्या वॉर्डात म्हस्कूला उभं केलं होतं. फौजी माणूस, स्वच्छ माणूस, धनगरवस्तीचा स्वतःचा माणूस. प्रचाराचं पत्रक मी लिहिलेलं. अशा वेळी पत्र गेलं आणि पलटणीची चौकशी गावात आली, तर काय? मला वाटलं, निदान पॅनेलप्रमुखाला अंधारात ठेवू नये. खरं म्हणजे मला वाटलं, माझी बदली अंधारात जाऊ नये.

आप्पा रागावले नाहीत. ते शाळेत आले, म्हस्कूला बोलावून घेतलं, मुलांना खेळायला पाठवलं आणि शांतपणे बोलले. त्यांचं ते बोलणं मला आजही खोडून काढता येत नाही, म्हणून जसंच्या तसं देतो.

"मेजर, तुमचं चुकलं का बरुबर, त्याचा न्याय मी कोन करनार? चिठ्ठी धाडायचीच हाय, ती धाडा. पर दीड म्हैना थांबा. ही चिठ्ठी गेली आन् चौकशी आली तर पलीकडचं पॅनेल काय बोंबलंल? मेजरनं देशाला फसवलं. मग वॉर्ड गेला, सत्ता गेली. आन् पाण्याची टाकी गेली. हितल्या साठ घरच्या बाया दोन मैलावरनं डोक्यावर पाणी आनत्यात. तुमची कारभारीन अंजना बी आनती. मागल्या उन्हाळ्यात गेणबाची सून पोटुशी हंडा घेऊन पडली, पोर गेलं. ते तुमच्या डोळ्याम्होरं झालं. तिकडं वाळूत तीन डबं हायेत, फुटत्याल बी, न्हाई बी. हितं मातुर रोज काय हुतंय ते दिसतंय. मी खोटं बोलायला लावत न्हाई तुम्हाला. दीड म्हैना गप ऱ्हावा म्हनतोय."

म्हस्कू माझ्याकडं बघत राहिला. त्याला माझं मत हवं होतं. आणि मी, सात वर्षं मुलांना नागरिकशास्त्र शिकवणारा, काय म्हणालो? म्हणालो, "मेजर, दोन्हीकडं माणसंच आहेत. पण खात्रीचं दुःख आधी मिटवावं, शक्यतेचं नंतर. दीड वर्ष गेलं, काही झालं नाही. दीड महिन्यानं काय होतंय?"

किती गुळगुळीत वाक्य होतं ते. पाठ केल्यासारखं आलं तोंडातून.

म्हस्कूनं मान डोलावली, पण आप्पांचं तेवढ्यानं समाधान झालं नाही. म्हस्कूचं मन दोन दिवसांत पालटलं तर? तेव्हा तोडगाही मीच काढला. म्हणालो, बिरोबाच्या ठाण्यात बेल-भंडार उचलू द्या. धनगराच्या घरात जन्मलेला माणूस बिरोबापुढं हळद आणि बेलाचं पान हातात घेऊन जे बोलला ते बोलला. वाटणीचं भांडण असो, चोरीचा आळ असो, तिथं कोर्ट संपतं. निवडणुकीत मतांसाठीसुद्धा आमच्याकडं भंडारा उचलायला लावतात, आणि बऱ्याच जणांनी तो उचलून दुसरीकडं शिक्का मारलेला मला ठाऊक आहे. पण म्हस्कू त्यातला नाही, हेही मला ठाऊक होतं. म्हणून तर सुचवलं.

शपथेचे शब्द शाळेच्या वहीच्या पानावर मी लिहून काढले. "मतदान होईस्तोवर या गोष्टीबद्दल मी कुणाजवळ शब्द काढणार नाही आणि माझ्या हातानं कुठं कागद धाडणार नाही." म्हस्कूनं ते एकदा ऐकलं. मग म्हणाला, "परत वाचा." मी परत वाचलं. त्यानं उजव्या हाताच्या तळव्यावर भंडारा घेतला, त्यावर पान ठेवलं आणि शब्द जसेच्या तसे म्हणाला. आप्पांनी त्याला मिठी मारली. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याला पिवळा डाग पडला.

परतताना वाटेत म्हस्कूनं खिशातून ते बंद पाकीट काढलं आणि माझ्या हातात दिलं. "तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या," म्हणाला. दुसरं काही नाही. मी ते पिशवीत टाकलं. मला वाटलं, घरात ठेवलं तर त्याच्या हाताला खाज सुटेल, म्हणून माझ्याकडं ठेवतोय.

इथपर्यंत दीड महिन्याची गोष्ट होती. पण विधानसभेची निवडणूक मध्ये आली आणि आमची पुढं ढकलली गेली. बावीस ऑगस्ट गेला. नवी तारीख पडली एकवीस नोव्हेंबर.

ती कळली त्या दिवशी मी म्हस्कूच्या घरी गेलो. तो गोठ्यात बसून दोर वळत होता. मी म्हणालो, "मेजर, तारीख पुढं गेली."

"व्हय. आयकलं."

"अजून तीन महिने आहेत."

त्यानं दोराला आणखी एक पीळ दिला. मी म्हणालो, "बघा, तुम्ही शपथ घेतली ती बावीस तारखेच्या हिशेबानं. आता तो हिशेबच राहिला नाही. तुम्हाला वाटत असेल तर…" वाक्य मी अर्धं सोडलं. माझी ती जुनी खोड आहे, अवघड वाक्याचं शेपूट दुसऱ्याच्या हातात द्यायची.

म्हस्कूनं दोर खाली ठेवला. माझ्या डोळ्यात बघितलं, बराच वेळ. मग बोट ओठांवर ठेवलं आणि मान हलवली. शब्द काढायचा नाही, एवढाच मला त्याचा अर्थ लागला. मी मनातून चिडलो. म्हटलं, काय माणूस आहे! तिकडं हुकमाला चिकटला, इकडं भंडाऱ्याला. स्वतःची अक्कल म्हणून काही आहे की नाही? हे सगळं मी मनात बोललो आणि स्वतःला मोठा समजूतदार ठरवून घरी आलो.

पाकीट माझ्या पिशवीत होतं. पिशवी दर शनिवारी माझ्याबरोबर दौंडला जायची. दौंडला स्टेशनाबाहेर टपालाची लाल पेटी आहे, रेल्वे कॉलनीच्या वाटेवर. उत्तरेकडं जाणाऱ्या गाड्या त्याच स्टेशनातून सुटतात. टाकलं असतं तर आठवड्याभरात पोचलं असतं. मी त्या पेटीवरून ऑगस्टात गेलो, सप्टेंबरात गेलो, ऑक्टोबरात गेलो.

सप्टेंबरात एकदा प्रतिभाला पिशवीत पाकीट सापडलं. "हे काय? तिकीट लावलेलं पत्र तसंच?" मी तिला सगळं सांगितलं. ती दवाखान्यात काम करणारी, जखमा बघितलेली बाई. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "तुम्हाला कुणी अडवलंय?"

"अगं, त्यानं शपथ घेतली आहे."

"त्यानं घेतलीय."

"आणि चौकशी आली तर? आप्पांना कळणार नाही का, टाकलं कुणी ते? बदलीचं काय होईल?"

तिनं लाटणं थांबवलं. मुली शेजारच्या खोलीत अभ्यास करत होत्या. तिनं त्या दिशेनं बघितलं आणि पुन्हा लाटायला लागली. तिनं परत तो विषय काढला नाही, आणि मी तिच्या गप्प राहण्याला संमती समजलो. तिलाही मी घरी हवा होतो. तिला दोष देत नाही, पण आहे ते सांगतो.

एकवीस नोव्हेंबरला मतदान झालं. म्हस्कू एकशे चार मतांनी निवडून आला, आप्पांचं पॅनेल आलं, गुलाल उधळला गेला. सोमवारी बावीस तारखेला निकालाच्या गडबडीतून मी सायकल काढली आणि शिक्रापूरच्या पोस्टात जाऊन ते पाकीट टाकलं. चार महिने पिशवीत राहून त्याचे कोपरे मऊ झाले होते. टाकल्यावर मला हुश्श झालं. मी हॉटेलात चहा आणि भजी खाल्ली. येऊन म्हस्कूला म्हणालो, "टाकलं बरं का पत्र, आज." त्याच्या अंगावर गुलाल होता. तो माझ्याकडं असा बघत राहिला, जणू मी काहीतरी दुसऱ्याच भाषेत बोललो. मग म्हणाला, "आज?"

"हो, आज. मतदान झालं ना."

तो आत निघून गेला. लोक हार घेऊन उभे होते, त्यांना अंजनानं सांगितलं, "ह्यांचं डोकं दुखतंय."

आप्पा शब्दाचे पक्के निघाले. टाकीचा ठराव पहिल्याच बैठकीत झाला, आणि पुढच्या पावसाळ्याआधी वस्तीवर नळ आले. गेणबाच्या सुनेनं पहिला हंडा भरला तेव्हा मी तिथं नव्हतो, पण ऐकलं. वर्षाच्या मध्यात बदली होत नसते. माझी झाली. डिसेंबरच्या वीस तारखेला, सोमवारी, दौंडच्या शाळेत हजर व्हा, असा कागद आला.

रविवारी मी वस्तीवर सामान बांधायला गेलो. एक ट्रंक, एक स्टोव्ह, पुस्तकं. तेवढ्यात म्हस्कू आला, हातात एक निळं आंतर्देशीय. शनिवारी आलं होतं. त्यानं ते फोडलंही नव्हतं. "वाचा," म्हणाला.

पत्र हीरारामच्या गावातल्या शाळेच्या गुरुजींनी लिहून दिलं होतं. तिकडंही लिहिणारा हात एकच असणार. अक्षर माझ्यासारखंच सुबक. मी हिंदी वाचत गेलो आणि मराठीत सांगत गेलो. हवालदार साहेबांना हीरारामचा राम राम. तुमचं पत्र मिळालं. दसऱ्याच्या पाच दिवस आधी एक कोकरू चुकलं, ते आणायला केसर तिसऱ्या टेकाडाखाली गेली होती. तिथं सुरुंग फुटला, ती जागीच गेली. तिचा मुलगा दीड वर्षाचा आहे. नंतर फौजेची माणसं आली, त्यांनी उरलेले दोन काढले. आता रान मोकळं आहे. तुम्ही आमची काळजी केलीत, आठवण ठेवून सावध केलंत, हे आम्ही विसरणार नाही.

त्याच्या पुढची ओळ मी आधी मनात वाचली, आणि मला वाटलं ती सोडून द्यावी. पण म्हस्कू ऐकत होता. मी वाचली. "आपका पत्र नौ जुलाई का लिखा हुआ है, हमें दिसंबर में मिला. डाक का यही हाल है. समय पर मिल जाता तो बहू बच जाती. पर इसमें आपका क्या दोष."

म्हस्कूनं आधी केसरचं नाव घेतलं, एकदाच. मग तो भिंतीला टेकून खाली बसला. मला वाटलं, आता हा रडेल, किंवा मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"गुरुजी," तो म्हणाला, "भंडारा मी उचलला व्हता. तुम्ही न्हाई."

मी हातातल्या आंतर्देशीयाची घडी घालायला लागलो.

"तुम्ही शबुद वाचला तवाच माझ्या ध्यानात आलं. माझ्या हातानं धाडायचा न्हाई. म्हंजी तुमच्या हाताला कोन अडवतंय? मला वाटलं, गुरुजीनी मुद्दाम तसं लिव्हलं. आप्पा बी गप ऱ्हातील, आन् चिठ्ठी बी जाईल. म्हनून तर पाकीट तुमच्यापाशी दिलं. बोलता येत नव्हतं मला. दर शनवारी तुम्ही टेंपोत बसायचा, आन् मी बांधावर हुबा ऱ्हायचो. मला वाटायचं, आज गेली. गेल्या शनवारीच गेली असंल. तारीख फुडं गेली तवा तुम्ही आला, तवा मला वाटलं, चिठ्ठी गेली हे सांगायला आला. म्हनून मी बोट ठिवलं, बोलू नका म्हनून."

चार महिने तो निर्धास्त होता. माझ्यावर. आणि मी त्याला बिनडोक समजत होतो.

मी बदलीचं बोललो, मुलींचं बोललो, आप्पांचं बोललो. पाण्याचंही बोललो. तो सगळं ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच मला सहन होत नव्हतं.

"पानी आलं ते चांगलंच झालं," तो म्हणाला. "मी बी माझी पोरं वाचवली व्हती. ते बी चांगलंच झालं." मग म्हणाला, "कागद काढा. दुसरी चिठ्ठी लिव्हायची."

बांधलेली ट्रंक मी पुन्हा सोडली. वही काढली, पेन काढलं. सवयीनं वर तारीख घातली. म्हस्कूनं सांगितलं ते लिहिलं. मला तीन सुरुंग राहिले हे ठाऊक होतं आणि मी साहेबाला खोटं सांगितलं. तुम्ही विचारलंत तेव्हा तुम्हालाही खोटं सांगितलं. केसरच्या हातची भाकर खाऊन सांगितलं. अर्ध्या तासात ते लिहून झालं. खाली त्यानं सही केली, गोल गोल, फौजेत शिकलेली.

"आता त्याच्या खाली तुमचं लिव्हा," तो म्हणाला. "टपालाचा काय दोष न्हाई म्हनून लिव्हा. चिठ्ठी कुठं व्हती ते लिव्हा. त्यास्नी खरं कळाय पायजे. आन् तुमची सही करा."

मी पेन टेकवलं. एक शब्द लिहिला, खोडला. बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला, माझं सामान न्यायला तो थांबला होता. मी ते पान आत तसंच ठेवून वही मिटली, पिशवीत टाकली आणि म्हणालो, "मेजर, हे घाईत लिहायचं नाही. नीट विचार करून लिहावं लागेल. मी उद्या लिहितो, दौंडहून."

म्हस्कूनं माझ्याकडं बघितलं. मग तो उठला, माझी ट्रंक उचलून स्वतः टेम्पोत नेऊन ठेवली आणि बांधावर जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. मला नव्या शाळेत हजर व्हायचं होतं.